बारोन काजळ्याचा उसासा

एवारिस्तोने त्या दिवशी फक्त एवढंच ठरवलं होतं, की दिग्दर्शक बाईंना एकदा तरी घाबरवून दाखवायचं. पुढे जे घडलं त्यात त्याचा हात नव्हता. होता तो फक्त घसा.

धंद्याने तो आवाजाचा माणूस. बाहेरच्या देशातून कार्टूनं येतात, त्यातले राक्षस, ससे, पोलिस वगैरे मंडळी परक्या भाषेत बडबडत असतात. त्यांना आमच्या भाषेत बोलतं करायचं, हे त्याचं काम. बोलणं होतं आमच्या मेक्सिको शहरात आणि ऐकतो अर्धा खंड. एवारिस्तोच्या बरोबरीने लागलेले लोक राजपुत्र झाले, सिंह झाले, एक जण तर देव झाला. एवारिस्तो मात्र 'दुसरा पोलिस'च राहिला. दुसरा पोलिस, गर्दीतला गृहस्थ, दाराआडचा खोकला. एका सिनेमात तो झाड होता. (झाडाला वाक्य नव्हतं, वाऱ्यात नुसतं करकरायचं होतं. पण काय करकरला होता! आम्ही सगळे बघायला गेलो होतो. त्याच्या बायकोने डोळे पुसले.)

राहायला तो सासूच्या घरी. मधे चौक आणि चारी बाजूंनी खोल्या, अशी आमची वसाहत; त्यातल्या कोपऱ्यातल्या दोन मोठ्या खोल्या दोन्या ओब्दुलियांच्या. ('दोन्या' हे आमच्याकडे बाईच्या नावाआधी मानाने लावतात.) दोन्या ओब्दुलिया म्हणजे त्याची सासू. बाई कधी आवाज चढवत नाही. चढवला असता तर परवडलं असतं. ती उसासा टाकते. आधी एक लांबलचक उसासा, मग "मी काही बोलत नाही," आणि त्यानंतर ती जे काही बोलत नाही, ते जेवणाची ताटं उचलेपर्यंत चालतं. (भिंत पातळ आहे. मी काही कान लावत नाही. कान आपला भिंतीजवळ असतो, इतकंच.)

तर त्या दिवशी एवारिस्तो स्टुडिओत गेला होता तो गाढव म्हणून.

'कॅप्टन ठिणगी' नावाचं ते कार्टून. पोरंच काय, पोरांचे बापही बघतात. नव्या भागात नवा खलनायक येणार होता, बारोन काजळ्या. तीन मजली उंच, अंगभर काजळी, निखाऱ्यासारखे डोळे, फुंकर मारली की शहर काळं ठिक्कर. ती काजळी नाकात जाऊन एका शेतकऱ्याचं गाढव शिंकतं. ती शिंक एवारिस्तोची. शिंक देऊन, टोपी घालून तो निघालाच होता, तेवढ्यात निरोप आला की बारोनचं काम करणाऱ्या नटाचा घसा साफ बसलाय.

दिग्दर्शक ग्रासिएला काचेपलीकडून म्हणाली, "बाहेर कोण शिल्लक आहे?"

"गाढव आहे," ध्वनियंत्रावरचा माणूस म्हणाला.

"आण त्यालाच."

एवारिस्तोने छाती फुगवून गर्जना केली.

"कुठे मांजर ओकतंय का?" ग्रासिएलाने विचारलं.

त्याने पुन्हा गर्जना केली.

"आता ते मेलं. एवारिस्तो, मला गर्जना नको. मला भीती हवी. डोळे मीट. जगात तुला सगळ्यात जास्त धास्ती कशाची वाटते, ते समोर आण."

एवारिस्तोने डोळे मिटले. भूकंप समोर आला नाही, साप आला नाही, घरावर दरोडा आला नाही. आल्या त्या दोन्या ओब्दुलिया. स्वयंपाकघराच्या दारात, हाताची घडी, खांद्यावर भांडी पुसायचं फडकं. आणि त्याच्या छातीतून, त्याला न विचारता, एक लांब उसासा बाहेर पडला.

"हाऽऽ... आलास? ये. मी काही बोलत नाही. अख्खं शहर वाचवलंस म्हणे. छान. आईला एक फोन करायला मात्र सवड झाली नाही."

काचेपलीकडे यंत्रावरच्या माणसाची पाठ आपोआप ताठ झाली. ग्रासिएलाने टेबलावरचे पाय हळूच खाली घेतले.

"हे कुठून आणलंस?"

"सुचलं."

"मग सुचू दे अजून. ह्या बारोनला तोंडच नाहीये, नुसती काजळी आहे. ओठांशी ओठ जुळवायची कटकट नाही. येईल ते बोल!"

इथेच घात झाला. ओठ असते तर वाक्याला माप असतं. ओठ मिटले की बोलणाऱ्यानेही मिटायचं, हा त्या धंद्याचा कायदा. ओठच नाहीत म्हटल्यावर एवारिस्तोचं लग्नापासूनचं साठलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं. कॅप्टन ठिणगीने वीज फेकली. बारोन म्हणाला, "फेक, बाळा, फेक. विजेचं बिल दुसरं कोणी भरतंय ना." कॅप्टन आकाशात उडाला. बारोन म्हणाला, "निघालास? स्वेटर घेतलास? नाही ना. आम्ही कोण विचारणारे." कॅप्टन जमिनीवर आडवा पडला. बारोन त्याच्यावर वाकून म्हणाला, "झोप हं. दमला असशील. आत्ता कुठे दुपार होतेय."

शेवटी ग्रासिएलाने डोळे पुसले. हसून की आईच्या आठवणीने, ते तिलाच ठाऊक.

"रविवारी चारला लागेल," ती म्हणाली. "बघणाऱ्यांना आवडला, तर बारोन वर्षभर राहील आणि तूही राहशील. नाही आवडला, तर गाढवं आहेतच."

एवारिस्तो घरी आला तो जमिनीला पाय न लावता. नाव असलेलं पात्र! वर्षभर! दारात दोन्या ओब्दुलियांनी त्याच्या बुटांकडे पाहिलं, लांब उसासा टाकला आणि म्हणाल्या, "मी काही बोलत नाही. आत्ताच फरशी पुसली होती."

एवारिस्तो बूट काढायला वाकला तो तसाच राहिला. हा आवाज त्याने दुपारी ऐकला होता. स्वतःच्या तोंडून.

त्या घटकेपासून त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: तो भाग अख्ख्या खंडाने बघावा, आणि एका बाईने बघू नये. कारण घर तिचं, पलंग तिचा, पलंगावरची उशी तिची, आणि दाराची किल्ली तिच्या गळ्यातल्या दोरीत.

गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण स्वयंपाकघरात बायकोला, एल्वीराला, न सांगता त्याला राहवेना. सांगितलं तेही अर्धवटच.

"खलनायक? तू?" एल्वीरा म्हणाली. "जाड्या, खरंच?" (तो काठीसारखा आहे. आमच्याकडे लाडाने असंच म्हणतात.)

"हळू बोल. आईला सांगू नकोस."

"का?"

"नजर लागेल."

संध्याकाळपर्यंत अख्ख्या चौकाला कळलं. कोणी सांगितलं, देव जाणे. (भिंती पातळ असल्या की एकट्या माझ्याकडेच का बघायचं?)

आणि इथे एवारिस्तोने कधी कल्पना केली नव्हती असं झालं. दोन्या ओब्दुलियांना आनंद झाला. त्यांनी त्याला चक्क मिठी मारली. "पोरा, शेवटी झालास काहीतरी! इतकी वर्षं बाजारात बायका विचारायच्या, जावई काय करतो? मी म्हणायची, झाड." मग त्यांनी फर्मान काढलं: रविवारी चौकात टीव्ही लावायचा, सगळ्यांनी खुर्च्या आणायच्या, तामाल, म्हणजे पानात गुंडाळलेले मक्याच्या पिठाचे उंडे, त्या स्वतः वाफवणार. आणि बाजारातल्या कारागिराकडून बारोन काजळ्याची पिन्याता, म्हणजे पोटात खाऊ भरलेला कागदी पुतळा, करून घेणार. कार्यक्रम संपला की पोरांनी खलनायकाला काठीने बडवायचं, पोट फुटलं की खाऊ गोळा करायचा.

"म्हणजे मला बडवणार," एवारिस्तो म्हणाला.

"मानाचं असतं ते," सासूबाई म्हणाल्या.

एवारिस्तो कामाला लागला. आधी त्याने पुएब्लाला राहणाऱ्या सासूच्या मैत्रिणीला फोन करून सांगितलं, की दोन्या ओब्दुलियांना तुमची फार आठवण येते, रविवारी बोलवाच. मैत्रीण हळवी झाली. शनिवारी पिशवी घेऊन तीच इकडे हजर झाली. आता बघणाऱ्या दोघी झाल्या.

रविवारी सकाळी त्याने घरातल्या टीव्हीच्या मागची वायर ओढून काढली आणि चेहरा पाडून बाहेर आला. "टीव्ही गेला. काय दुर्दैव बघा."

आता शेजारी कशाला असतात? मी माझा टीव्ही दिला. वायर पुरेना म्हणून माझ्या खिडकीतून लांब वायरही दिली. टीव्ही टेबलावर ठेवताना एवारिस्तोने माझ्याकडे असं काही पाहिलं, की मला वाटलं गहिवरलाय बिचारा.

शेवटचा उपाय त्याला कोपऱ्यावर सापडला. आमच्या गल्लीत भंगारवाल्याची गाडी फिरते. टपावर कर्णा, कर्ण्यातून एका मुलीचा मुद्रित आवाज: गाद्याऽ, फ्रीऽज, शेगड्याऽ, जुनं लोखंड काहीही विकाऽयचंऽ... त्या आवाजापुढे चर्चच्या घंटा ऐकू येत नाहीत. एवारिस्तोने गाडीवाल्याला गाठलं. तगडा गडी, गळ्यावर देवीचं चित्र गोंदलेलं, नाव रुफीनो.

"चार वाजता आमच्या फाटकासमोर उभं राहायचं. मी रुमाल हलवला की कर्णा मोठा, रुमाल खिशात गेला की कर्णा बंद."

"बदल्यात?"

"एक गादी."

"चांगली?"

"झोपायला लाखात एक," एवारिस्तो म्हणाला. ती त्याच्या स्वतःच्या पलंगावरची होती.

चार वाजले. चौक भरला होता. पोरं पुढे जमिनीवर, मोठी माणसं खुर्च्यांवर, मधल्या खुर्चीत दोन्या ओब्दुलिया, शेजारी पुएब्लाची मैत्रीण. वर दोरीला तीन हात उंच काळी कुळकुळीत पिन्याता लटकत होती, डोळ्यांच्या जागी लाल चमकता कागद. गच्चीवर दोरी धरून तामाल विकणारा फेर्मीन बसला होता. एवारिस्तो फाटकापाशी, हातात रुमाल.

कार्टून सुरू झालं. कॅप्टन ठिणगी आला, पोरं ओरडली. गाढव दिसलं, कुठून तरी उडत आलेल्या काजळीने शिंकलं, पोरं हसली. मग आकाश काळं झालं, संगीत दबलं, आणि धुराड्यातून बारोन काजळ्या वर येऊ लागला. एवारिस्तोने रुमाल हलवला.

"गाद्याऽ! फ्रीऽज! शेगड्याऽ!"

टीव्हीवर बारोन काहीतरी म्हणाला. कॅप्टन ठिणगी गुडघ्यावर आला. काय म्हणाला, कोणालाच कळलं नाही.

"अरे बंद करा रे ते!" पोरं ओरडली.

"जुनं लोखंऽड!"

एवारिस्तो अजून जोरात रुमाल हलवू लागला. एवढ्यात दोन्या ओब्दुलिया उठल्या. घाई नाही, राग नाही. चौक ओलांडला, जावयाला बाजूला केलं, फाटक उघडलं, गाडीच्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. आणि एक लांब उसासा टाकला.

"हाऽऽ... मी काही बोलत नाही, बाळा. ओरड तू. रविवार आहे, आईला भेटून आलास का, तेही मी विचारत नाही. जेवलास? नाही. दिसतंच आहे. आम्ही कोण म्हणा."

कर्णा बंद झाला. रुफीनो खाली उतरला. हातातली टोपी चुरगाळत म्हणाला, "माफ करा, सेन्योरा." त्यांनी त्याच्या दंडाला धरून आत आणलं, हातात गरम तामाल ठेवला आणि पहिल्या रांगेत बसवलं.

आणि नेमक्या त्या शांततेत टीव्हीवर बारोन काजळ्याने कॅप्टन ठिणगीकडे बघून एक लांब उसासा टाकला.

"हाऽऽ... मी काही बोलत नाही, बाळा. जेवलास? नाही. दिसतंच आहे. आम्ही कोण म्हणा."

 मग एक एक मान वळायला लागली. टीव्हीकडून दोन्या ओब्दुलियांकडे, दोन्या ओब्दुलियांकडून टीव्हीकडे. रुफीनो तोंडात घास तसाच ठेवून म्हणाला, "अहो, पण हा तर..." एवारिस्तोने धावत जाऊन दुसरा अख्खा तामाल त्याच्या तोंडात कोंबला, पानासकट.

एल्वीराने नवऱ्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो आतल्या आतच किंचाळला.

"जाड्या," ती दातांतून म्हणाली, "ही माझी आई आहे!"

"कुठली?" एवारिस्तोने विचारलं. "खुर्चीतली की टीव्हीवरची?"

"दोन्ही!"

पुढची पंधरा-वीस मिनिटं एवारिस्तोने सासूच्या मानेच्या मागच्या बाजूकडे बघत काढली. पोरं हसून हसून लोळत होती. बारोनने पूल पाडला आणि म्हणाला, "असू दे, राहू दे, मी उचलते," आणि खरंच ढिगारा नीट रचून ठेवला. बारोनने कॅप्टनला विचारलं, शेजारच्या शहरातल्या सुपरहिरोने आईला घर बांधून दिलं, ते खरं का? कॅप्टन ठिणगी, ज्याला बाँबने काही झालं नव्हतं, रडायला लागला. पुएब्लाची मैत्रीण पदराआड तोंड लपवावं तशी शालीत तोंड खुपसून हलत होती. मी हसले नाही. (मी खोकले.)

भाग संपला. वाहिनीने नावांची पाटी अर्ध्यात कापून साबणाची जाहिरात लावली, नेहमीप्रमाणे. दोन्या ओब्दुलिया उठल्या. त्यांचे डोळे ओले होते. एवारिस्तोने मनातल्या मनात पलंग, उशी, किल्ली यांचा निरोप घेतला.

"किती वर्षं झाली," त्या जड आवाजात म्हणाल्या, "टीव्हीवर एक शहाणा माणूस बघितला नव्हता."

त्यांनी फडक्याने डोळे टिपले.

"खलनायक कसला? सरळ माणूस आहे. जे आहे ते तोंडावर, आणि तेही आवाज न चढवता. त्या कॅप्टनलाच वळण नाही. स्वेटर न घालता हिंडतो मेला. हो की नाही हो?"

"हो, हो," पुएब्लाची मैत्रीण शालीतून म्हणाली.

एवारिस्तो-एल्वीराची मुलगी मिरेया तोवर फोन काढून बसली होती. "पप्पा, लोक काय काय लिहितायत ऐका! लिमाहून एक बाई लिहिते, ही माझी आत्या, हिला स्टुडिओत कोणी आणलं? ग्वायाकीलचा एक जण म्हणतो, आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचा आवाज चोरलाय. हे बघा, बोगोताचा दाढीवाला: बारोनचं ऐकता ऐकता मी उठून सगळी भांडी घासली, का ते माहीत नाही. सान्तो दोमिंगोहून: भाग संपायच्या आत आईला फोन केला, ती म्हणाली, आली का आठवण?"

"कॅप्टनबद्दल?" कोणीतरी विचारलं.

"कॅप्टनला सगळे शिव्या देतायत. सगळ्यांना बारोनच हवाय! म्हणतात, हा आवाज कोणाचा, नाव सांगा!"

 इतकी वर्षं कण्हणारा, खोकणारा, करकरणारा तो, त्याचं नाव लिमा विचारत होती, बोगोता विचारत होती! भीती विसरून तो चौकाच्या मध्यभागी आला, पिन्यातेच्या खाली, आणि म्हणाला, "माझा!"

"तुझा काय?" सासूबाईंनी विचारलं.

"बारोनचा आवाज. मी सांगितलं होतं ना. खलनायक मीच."

दोन्या ओब्दुलियांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. वरपासून खालपर्यंत, बुटांसकट. मग त्यांचा चेहरा मऊ झाला, तापलेल्या पोराकडे बघताना होतो तसा.

"पोरा, अरे, तू आमच्या घरात आल्यापासून 'हो, दोन्या ओब्दुलिया' याच्यापलीकडे वाक्य बोलला नाहीस. आणि हा माणूस! काय ती समज, काय ते धैर्य. लाज वाटून घेऊ नकोस. आम्हाला बरं वाटावं म्हणून सांगितलंस, ते कळतं मला."

"पण खरंच मीच!"

"मग आवाज काढून दाखवा!" पोरं ओरडली. "बारोन! बारोन! उसासा! उसासा!"

सगळा चौक टाळ्या वाजवायला लागला. रुफीनोसुद्धा. एल्वीरा मात्र त्याच्याकडे बघून सावकाश मान हलवत होती: उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे.

एवारिस्तो उभा राहिला. समोर, पाच पावलांवर, दोन्या ओब्दुलिया. हाताची घडी, खांद्यावर फडकं. जे डोळे मिटून दिसायचं ते आज डोळे उघडे ठेवून दिसत होतं. एकीकडे अख्खा खंड त्याचं नाव विचारत होता. तो आवाज काढला तर ते नाव त्याचं. आणि तोच आवाज तिच्या तोंडावर काढला, तर सामान फाटकाबाहेर. त्याने श्वास घेतला. छाती फुगली. लिमा, बोगोता, सान्तो दोमिंगो सगळी त्या छातीत मावली.

"मी..." तो म्हणाला. "मी का..."

सासूबाईंनी एक भुवई वर केली.

"...आऽऽऽच्छीऽ!"

 मग मिरेयाची मैत्रीण ओरडली, "अरे, हा तर गाढवाचा आवाज!"

"गाढव! गाढव! पुन्हा! पुन्हा!"

"बघा!" दोन्या ओब्दुलियांनी अभिमानाने मैत्रिणीला कोपर मारलं. "हा मला मगाशीच ओळखीचा वाटला होता. शिंकताना गाढवाच्या डोळ्यांत पाणी कसं आलं होतं! जीव ओतलाय माझ्या जावयाने."

उरली पिन्याता. पोरांच्या हातात काठी दिली, तर पोरांनी ती खाली ठेवली. बारोनला मारणार नाही म्हणाली. तो बिचारा एकटाच राहतो, त्याला कोणी फोन करत नाही. एक जण तर काळ्या कागदाच्या पायाला मिठी मारून बसला. खाऊ वर, पोरं खाली, आणि मधे प्रेम. समजावून सगळे थकले. शेवटी दोन्या ओब्दुलिया पिन्यातेसमोर जाऊन उभ्या राहिल्या, मान वर करून त्या लाल डोळ्यांत पाहिलं आणि उसासा टाकला.

"हाऽऽ... मी काही बोलत नाही. ठेव सगळं स्वतःच्या पोटात. पोरं बघतायत, बघू देत."

गच्चीवर फेर्मीनच्या हातातली दोरी सुटली. (नंतर तो म्हणाला, हात घामेजला होता. आई आठवली असणार.) बारोन काजळ्या धाडकन खाली आला, नेमका एवारिस्तोच्या डोक्यावर, आणि शेंगदाणे, चिंचेच्या गोळ्या, संत्री चौकभर पसरली. पोरं खाऊवर तुटून पडली. त्या गडबडीत रुफीनो आपली गादी घेऊन गेला. गादी खरोखरच चांगली होती, असं तो अजून सगळ्यांना सांगतो.

सोमवारी ग्रासिएलाचा फोन आला. भिंतीपलीकडूनही तिचं ओरडणं स्पष्ट ऐकू आलं. लोक वेडे झालेत, बारोन वर्षभर पक्का, कार्टूनचं नाव बदलून बारोनचं ठेवायची बोलणी चाललीत. अट एकच. बोलणं असंच ताजं हवं, रोजच्या रोज.

"हे सगळं तू कुठून आणतोस ते मी विचारत नाही," ग्रासिएला म्हणाली, "पण जिथून आणतोस तिथून हलू नकोस."

एवारिस्तो न्याहरीच्या टेबलापाशी आला. गादीशिवायच्या पलंगामुळे पाठ वाकलेली, डोक्यावर संत्र्याएवढं टेंगूळ. "दोन्या ओब्दुलिया," तो म्हणाला, "काम वर्षभरासाठी पक्कं झालं."

"वर्षभर शिंकायचं?" त्यांना भरून आलं.

एवारिस्तोने एल्वीराकडे बघितलं. एल्वीराने कॉफीच्या कपात बघितलं.

"हो, दोन्या ओब्दुलिया," तो म्हणाला. "वर्षभर."

त्यांनी ताटलीतला सगळ्यात मोठा, वर साखर पेरलेला गोड पाव त्याच्यापुढे सरकवला. मग लांब उसासा टाकला. एवारिस्तो पुढे सरकून, कान टवकारून बसला.

"मी काही बोलत नाही," त्या म्हणाल्या. "गाढवाला गाढवाचं काम मिळालं, आनंदच आहे. पण बाळा, त्या बारोनचं काम करणारा माणूस स्टुडिओत भेटतो ना? अधूनमधून त्याच्याजवळ बसत जा. काय बोलतो, कसं बोलतो, शिकून घे." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि डोळ्याला फडक्याचं टोक लावलं. "किती सुखात असेल त्या माणसाची सासू."